प्लेटबाई आणि नळीवाले

माझ्या मावशीला एखादी गोष्ट समजावून सांगायची हुक्की आली, की समोरच्याने हातातलं काम बाजूला ठेवून निमूट ऐकावं हे उत्तम. पळायचा प्रयत्न केला तर ती मागोमाग येते. एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंड वासून खुर्चीत पडलेली असतानासुद्धा तिने डॉक्टरांना आपल्या यंत्राबद्दल सांगायला घेतलं होतं. तोंडात कापूस असल्यामुळे अर्धंच सांगून झालं, म्हणून उरलेलं सांगायला ती पुढच्या आठवड्यात परत गेली. दात तेव्हा अजिबात दुखत नव्हता.

मावशी दुधाच्या डेअरीत फिटर. लागली होती बाटल्या धुवायच्या खात्यात, पण एके दिवशी दूध तापवायचं यंत्र साफसफाईसाठी उघडून ठेवलेलं तिने पाहिलं आणि तिचा पाय तिथून निघेना. माणसं माणसांच्या प्रेमात पडतात, आमची ही पत्र्यांच्या गठ्ठ्याच्या प्रेमात पडली, असं माझी आई म्हणते. आई तिची थोरली बहीण, तेव्हा असलं बोलायचा तिला हक्क आहे.

हा गठ्ठा म्हणजे काय, हे मला कळायला लागल्यापासून पाठ आहे. स्टीलचे पातळ पत्रे, माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढे उंच, ताटं उभी लावून ठेवावीत तसे एकामागे एक लावलेले. त्यांना म्हणायचं प्लेटा. प्रत्येक प्लेटेवर ठसठशीत लाटा उमटवलेल्या. कडेने रबराची पट्टी, तिला म्हणायचं गॅस्केट. सगळा गठ्ठा दोन जाड पत्र्यांमध्ये लांबलचक बोल्टांनी आवळलेला. दोन प्लेटांमध्ये जी बारीकशी फट राहते तिच्यातून दूध वाहतं, पुढच्या फटीतून गरम पाणी, त्याच्या पुढच्या फटीतून पुन्हा दूध.

"दूध आणि पाणी एकमेकांना भेटत नाहीत," मावशी बजावायची. "मधे प्लेट आहे. प्लेट पाण्याला अडवते, दुधाला अडवते, फक्त उष्णतेला जाऊ देते. दूध चुलीवर ठेवलंस तर तळाला लागतं. इथे लागत नाही, कारण पलीकडे आग नाही, पाणी आहे. आणि या लाटा कशाला? शोभेला नाही गं बाई. दूध सरळ गेलं तर कडेचं तापेल आणि मधलं तसंच गार निघून जाईल. लाटांवरून जाताना ते घुसळतं. कळलं?"

कळलं म्हटलं तर ती पुढचं सांगे. नाही म्हटलं तर पहिल्यापासून सांगे. त्यामुळे आम्ही सगळे कळलं म्हणायचो.

तिचा सगळ्यात आवडता भाग होता तो दुधाने दूध तापवायचा. तापून निघालेलं दूध पुढे गार करायचं असतं आणि नुकतं आलेलं गार दूध तापवायचं असतं. मग दोघांना एकाच प्लेटेच्या दोन बाजूंनी सोडायचं, पण समोरासमोरून. जाणाऱ्याची उष्णता येणाऱ्याला मिळते, बॉयलरचं काम हलकं होतं.

"समोरासमोरूनच का?" असं चुकून कुणी विचारलं, की मावशीचा चेहरा उजळायचा. "एकाच दिशेने सोडलीस, तर थोडं पुढे जाऊन दोन्ही कोमट. मग देणार कोण आणि घेणार कोण? उलट दिशेने सोडलीस, तर शेवटपर्यंत एक बाजू दुसरीपेक्षा गरमच राहते. शेवटच्या वीतभर जागेतसुद्धा देवाणघेवाण चालू!"

आईने तिची एकदा ओळखीतल्या एका विधुर शिंप्याशी गाठ घालून दिली होती. माणूस सालस होता. त्याने सहज विचारलं, "तुमचं काम काय असतं?" चहा गार होऊन गेला, शिंपी उठला आणि मग कधी फिरकला नाही. मावशीचं मत त्याच्याबद्दल चांगलंच राहिलं. "ऐकून घेणारा होता," ती म्हणायची. त्यानंतर आईने नाद सोडला. मावशीचे केस पिकू लागले आणि डेअरीत सगळे तिला प्लेटबाई म्हणायला लागले. तिला ते नाव आवडायचं. पदवीच मिळाल्यासारखी ती त्या हाकेला ओ द्यायची.

आता दुसरा माणूस.

प्लेटांच्या खोलीला लागून एक भिंत, आणि भिंतीपलीकडे बॉयलरघर. तिथे जे गृहस्थ होते त्यांना नळीवाले म्हणत. मावशीच्या प्लेटांना लागणारं गरम पाणी त्यांच्याकडून यायचं. त्यांचं यंत्र वेगळ्या जातीचं. एक भलंमोठं आडवं पिंप, पिंपाच्या आत बोटाएवढ्या जाडीच्या नळ्यांचा जुडगा. नळ्यांमधून पाणी जायचं आणि नळ्यांच्या बाहेरून, पिंपात, वाफ कोंडलेली असायची. तत्त्व तेच, की मधे धातू, दोन्हीकडे दोन वस्तू, आणि उष्णतेपुरताच दरवाजा उघडा. पण रूप असं, की एक कपाट वाटावं तर दुसरं रणगाडा. शीतगृहाच्या मागे गारवा करणारा अमोनिया वायू थंड करायला असंच आणखी एक पिंप होतं, तेही त्यांच्याकडे.

नळीवाले बोलायला कमी. एकेक शब्द जणू लांब नळीतून ओढून काढल्यासारखा यायचा. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारल्यावर त्यांनी एकदा म्हणे बराच वेळ विचार केला आणि "राहून गेलं" एवढंच सांगितलं.

डेअरीत चहाच्या सुट्टीला मोठ्या शेडखाली बाक टाकलेले असत. तिथे ही दोघं रोज भांडायची. कित्येक वर्षं तेच भांडण.

"हत्तीएवढं धूड," मावशी सुरू करायची, "आणि काम उंदराएवढं. तुमच्या त्या पिंपाच्या जागेत माझे चार गठ्ठे बसतील, आणि चौपट पाणी तापवतील."

"दाब वाढला," नळीवाले चहाकडे बघत म्हणायचे, "की तुमची रबरं सुटतात."

"बदलते मी रबरं! उघडून प्लेटन्प्लेट पुसते. तुम्हाला तुमच्या नळ्यांच्या आत दिसतं तरी का काही?"

"वाफ खेळवायची असली की नळी लागते. तिथे प्लेट म्हणजे..." मग ते शब्द शोधायचे आणि तो सापडेपर्यंत सुट्टी संपायची.

मावशी जाताजाता म्हणायची, "नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे!" बाकीचे हसायचे. नळीवालेही गालातल्या गालात हसत असावेत, पण त्यांच्या मिशा दाट होत्या, खात्रीने सांगता येत नाही.

कधीकधी टँकरचा ड्रायव्हर मधे तोंड घालायचा. "ते सगळं सोडा. माझ्या गाडीचा रेडिएटर बघा. बारीक नळ्या, त्यांना झालरीसारखे पत्रे, समोरून वारा. दुसरं पाणी नको, वाफ नको. वारा फुकट!" यावर दोघंही त्याच्याकडे अशा नजरेने बघायची, की तो मुकाट्याने बिस्किट चहात बुडवायचा. तेवढ्यापुरतं दोघांचं एकमत असे.

एका सुट्टीच्या दिवशी डेअरी बंद ठेवून साफसफाई झाली. मावशीने आपला गठ्ठा उघडला, जुन्या गॅस्केटा काढून नव्या बसवल्या, प्लेटा धुतल्या, पुन्हा लावून बोल्ट आवळले. नळीवाल्यांनाही त्या दिवशी आपल्या पिंपाचं झाकण उघडून नळ्या आतून घासायच्या होत्या. पण अमोनियाच्या पिंपाने त्यांचा दिवस खाल्ला, शिवाय गुडघा दुखत होता. पुढच्या खेपेला बघू, असं त्यांनी ठरवलं. ही चालढकल त्यांची पहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रं सुरू झाली आणि दूध तापेना. म्हणजे तापत होतं, पण बहात्तर अंशांना जायला हवं ते सत्तरवर रेंगाळत होतं. दूध पुरेसं तापलं नसेल तर एक व्हॉल्व्ह त्याला पुढे जाऊच देत नाही, उलट पहिल्या टाकीत परत पाठवतो. त्यामुळे तेच दूध गोल गोल फिरत राहिलं. फाटकाशी टँकर उभे राहायला लागले. आत दूध, बाहेर दूध, आणि पुढे पिशव्या भरणाऱ्या बायका हातावर हात ठेवून बसलेल्या.

मावशी भिंतीपाशी गेली आणि पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अहो नळीवाले! पाणी तापवताय की अंघोळीला ठेवलंय?"

पलीकडून जरा वेळाने उत्तर आलं, "वाफ पूर्ण उघडलीय. तुमच्याकडे बघा."

"माझ्याकडे काय बघू? कालच सगळं नवं केलंय!"

"म्हणूनच म्हटलं."

हे 'म्हणूनच म्हटलं' मावशीला इतकं झोंबलं, की तिने भिंतीवर पाना आपटला. तो आवाज ऐकून मॅनेजरबाई आल्या. वयाने मावशीपेक्षा बऱ्याच लहान, पण डोकं थंड. त्यांनी कुणाचं चुकलं हे विचारलंच नाही. त्यांनी नळीवाल्यांच्या पिंपातून निघणाऱ्या पाण्याचं तापमान बघितलं, ते हवं त्यापेक्षा कमी होतं. मावशी "बघा!" म्हणाली. मग त्यांनी प्लेटांमधून परत जाणाऱ्या पाण्याचं बघितलं, ते हवं त्यापेक्षा जास्त होतं. आता मावशी हातातला पाना पुसायला लागली.

"म्हणजे तिकडे पाणी नीट तापत नाहीये," मॅनेजरबाई म्हणाल्या, "आणि जेवढं तापतंय तेवढंही इकडे दुधाला पोचत नाहीये. आपली उष्णता घेऊन ते तसंच परत जातंय. दोघांनी आपापलं तपासा. मी टँकरवाल्यांशी बोलून येते."

त्या गेल्यावर मावशीने एकेक बोल्ट पुन्हा हाताने तपासला. आपल्या गठ्ठ्यात दोष असू शकतो हे तिला पटत नव्हतं, आणि मॅनेजरबाईंचं गणित तर चुकत नव्हतं. शेवटी तिने टॉर्च घेतला आणि गठ्ठ्याच्या बाजूला उकिडवी बसली.

प्लेटा बरोबर लावल्या असतील तर गठ्ठ्याच्या कडेवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. कारण प्रत्येक प्लेट शेजारणीच्या उलट फिरवून लावायची असते. एकीच्या लाटांची टोकं वर, तर दुसरीच्या लाटांची खाली. मावशीने पुढच्या टोकापासून टॉर्च फिरवत नेला. पोळं, पोळं, पोळं. मागच्या जाड पत्र्यापासून वीतभर अलीकडे पोळं मोडलं होतं.

एक प्लेट उलट न फिरवता, शेजारणीसारखीच लागली होती. लाटेवर लाट बसलेली आणि ज्या फटीतून गरम पाणी जायचं त्या फटीतून दूधच चाललेलं. दुधाच्या शेजारी दूध! तिथे कोण कुणाला तापवणार?

 नव्या फिटरांना "आंधळ्यालासुद्धा बोटाने कळेल" असं म्हणून हिणवणाऱ्या मावशीच्याच हातून प्लेट चुकीची लागली होती.

आणि नेमके त्याच क्षणी नळीवाले दारातून आत आले. मागे चारपाच माणसं. नळीवाल्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते, आणि तळहातावर क्षाराचा एक जाड पोपडा होता.

"बाई," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. नळ्यांच्या आत क्षार साठलाय. भांड्याला बसतो तसा. वाफेची ऊब पाण्यापर्यंत पोचत नाही. घासायला हव्या होत्या, मी टाळलं. चूक माझी."

नळीवाल्यांना एका दमात एवढं बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. सगळे मावशीकडे बघायला लागले.

मावशीने टॉर्च विझवला.

"मी म्हणतच होते," ती म्हणाली.

नळीवाले मान हलवून परत गेले. लांब सळीला ब्रश लावून त्यांनी एकेक नळी घासायला घेतली, आणि हाताला रिकामे असलेले सगळे त्यांच्या मदतीला गेले. त्यामुळे इकडे मावशीला एकटीला गठ्ठा उघडायला, ती प्लेट फिरवून लावायला आणि बोल्ट पुन्हा आवळायला पुरेसा वेळ मिळाला. दुपारी दोन्ही यंत्रं सुरू झाली. दूध बहात्तरच्या वर गेलं, व्हॉल्व्ह उघडला, फाटकातून टँकर आत यायला लागले. एकेकटा दोष कदाचित खपूनही गेला असता, पण दोन्ही मिळून दुधाला ते दोन अंश कमी पडले होते.

मॅनेजरबाईंनी विचारलं, "तुमच्या बाजूला काय निघालं?"

"विशेष काही नाही," मावशी म्हणाली. "एक गॅस्केट जरा नीट बसवली."

मॅनेजरबाई 'बरं' म्हणाल्या.

मग आला मावशीच्या विजयाचा आठवडा. कुणीतरी बॉयलरघराच्या दारावर खडूने ती सोनाराच्या नळीची म्हण लिहून ठेवली. चहाच्या वेळी ड्रायव्हर नळीवाल्यांना म्हणाला, "काका, भांडी घासायला ठेवू का एखादी बाई?" नळीवाले चहा पीत राहिले. मावशीसाठी लोकांनी बाकावर मधली जागा सोडली. तिने आयुष्यभर जे भांडण जिंकायची वाट बघितली ते तिने जिंकलं होतं, आणि तिला चहा गोड लागत नव्हता.

त्या रविवारी ती आमच्याकडे आली. कोपऱ्यात बसून राहिली. आमचा गिझर त्याच आठवड्यात बिघडला होता, आणि एरवी नुसतं 'गिझर' म्हटलं तरी मावशी पदर खोचून न्हाणीघरात शिरली असती. आई मुद्दाम दोनदा म्हणाली, "पाणी तापतच नाही गं." मावशी म्हणाली, "हं."

आई घाबरली. तिने मला हळूच सांगितलं, "हिला बरं नाहीये. डॉक्टरला फोन कर."

डॉक्टरची गरज पडली नाही, कारण तेवढ्यात मावशी आपणहून बोलली. सगळं सांगितलं. प्लेट, टॉर्च, पोपडा, सगळं.

"मग सांगून टाक त्यांना," आई म्हणाली.

"कसं सांगू, ताई? मला चुकलं म्हणायची सवय नाही."

"ते मला लहानपणापासून माहीत आहे. सवय कर. वय झालं आता."

दुसऱ्या दिवशी मावशी बॉयलरघरात गेली. इतकी वर्षं तिने भिंतीवरून आरडाओरडा केला होता, पण ते दार ओलांडलं नव्हतं. आत तिला घाण, काजळी, पसारा असं काहीतरी अपेक्षित होतं. जमीन लख्ख होती. हत्यारं भिंतीवर लहानमोठी रांगेने टांगलेली. खिडकीत एका फुटक्या कपात रोप. नळीवाले पिंपाचं पितळी झाकण फडक्याने पुसत होते.

"अहो," मावशी म्हणाली, "एक सांगायचं होतं. त्या दिवशी माझ्याकडेही एक प्लेट..."

"मागच्या पत्र्यापासून वीतभर," नळीवाले म्हणाले.

"काय?"

"पोळं मोडलं होतं. टॉर्च तुम्हीच धरला होता. लख्ख दिसलं."

मावशीला खाली बसायला काही दिसेना. नळीवाल्यांनी आपलं स्टूल पुढे सरकवलं.

"तुम्हाला दिसलं होतं? मग बोलला का नाहीत?"

नळीवाल्यांनी फडकं उलटं केलं, दुसऱ्या बाजूने पुसायला घेतलं.  मग ते म्हणाले, "बोललो असतो, तर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलं असतं."

"टाकलंच असतं!"

"मग चहाला मी भांडायचं कुणाशी? ड्रायव्हरशी? त्याला वाऱ्यापलीकडे काही कळत नाही."

याचं मावशीला काय वाटायला हवं होतं? आईच्या मते तिचं मन विरघळायला हवं होतं. ती संतापली. आपण आठवडाभर तोऱ्यात मिरवत होतो आणि हा गृहस्थ मिशीआडून बघत होता, हे तिला सहन होईना. ती तरातरा शेडखाली गेली. चहाची वेळ झालीच होती. सगळ्यांसमोर तिने जाहीर केलं, की दूध न तापण्यात तिचीही चूक होती. पण मावशीच ती. चूक काय होती हे लोकांना नीट कळावं म्हणून तिने खडू घेतला, जमिनीवर प्लेट काढली, लाटा काढल्या, दुधाची फट, पाण्याची फट. सुट्टी संपली तरी तिचं चाललंच होतं. चूक कबूल करताना लोकांना जांभया आणणारी तिच्याखेरीज दुसरी कुणी मी पाहिलेली नाही.

मॅनेजरबाई कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "परत येणारं पाणी खोटं बोलत नाही. म्हटलं, बघू किती दिवस लागतात."

म्हणजे नळीवाल्यांना माहीत, मॅनेजरबाईंना माहीत. मावशीनेच तेवढं आठवडाभर गुपित सांभाळलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या दारावर थाप पडली. नळीवाले, हातात हत्यारांची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"गिझर बिघडलाय असं कळलं," ते आईला म्हणाले. मावशी माझ्या शेजारी बसली होती. ती एकदम छताकडे बघायला लागली.

गिझरचं काम तासाभराचं होतं, हे मलासुद्धा कळत होतं. नळीवाल्यांनी ते दोन ऋतू पुरवलं. एका रविवारी झाकण उघडलं, दुसऱ्या रविवारी आतली नळी काढली, तिसऱ्याला ती नळी घरी घासायला नेली. मावशी शेजारी उभी राहून प्रत्येक गोष्टीत चूक काढायची. आम्ही सगळे चुलीवर पाणी तापवून अंघोळी करत होतो. अखेर आईचा धीर सुटला.

"एक विचारू?" ती नळीवाल्यांना म्हणाली. "गिझर दुरुस्त झाला, की तुम्ही यायचे बंद होणार का?"

त्यांनी विचार केला. "कारण राहणार नाही."

"मग मी दुसरा विकत आणते. हा तुम्ही असाच ठेवा."

नळीवाल्यांचे कान लाल झाले. मग ते मावशीकडे वळले आणि न्हाणीघराच्या दारातच, हातात पाना घेऊन म्हणाले, "बाई, आपण दोघांनी एकत्र राहावं असं मला वाटतं. तुम्हाला कसं वाटतं?"

"कुणाच्या घरी?" मावशीने विचारलं.

आई मागून कपाळावर हात मारून घेत होती. पण नळीवाल्यांना तो होकार आहे हे बरोबर कळलं. एवढ्या वर्षांत तेवढं तरी शिकले होते.

लग्न कचेरीत सह्या करून झालं. तिथल्या कारकुनाला कुणीतरी सांगितलं, की वधूवर दोघंही ऊन-गार करायच्या यंत्रांवर काम करतात. त्याला विनोद सुचला. "अरे वा, म्हणजे आज गरम आणि थंड एकत्र आले!"

"एकत्र येत नाहीत हो," मावशी म्हणाली. "तीच तर खुबी आहे. मधे एक भिंत असते..." मागे रांगेत उभी असलेली जोडपी ताटकळली. तोवर काकांनी आपली सही करून टाकली होती. हो, त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायला लागले.

संसार मावशीच्या घरी थाटला. पहिल्या महिन्यातच काकांनी न्हाणीघरात एक उद्योग केला. अंघोळीचं वापरलेलं पाणी ज्या उभ्या पाइपातून खाली जातं, त्या पाइपाभोवती त्यांनी तांब्याची नळी गच्च गुंडाळली आणि गिझरकडे जाणारं गार पाणी तिच्यातून वर सोडलं. वाहून जाणारं ऊन पाणी जाताजाता येणाऱ्या पाण्याचा गारठा मोडायचं.

"इथे छोटा प्लेटांचा गठ्ठा लावला असता तर दुप्पट ऊब मिळाली असती," मावशी म्हणाली.

"साबण," काका म्हणाले. "केस. मळ. तुमच्या फटी आठवड्यात तुंबतील."

मावशीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "घाण पाण्याला नळी बरी," ती म्हणाली. आई सांगते, की ते ऐकून ती सगळ्या नातेवाइकांना बातमी द्यायला फोन करत सुटली.

काकांच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते तेव्हा डेअरीने शीतगृहामागचं अमोनियाचं जुनं पिंप काढून नवं यंत्र बसवायचं ठरवलं. नवं यंत्र लहानसं, जुन्याच्या जागेत दोन खुर्च्या टाकून बसता येईल एवढं. बाहेरून पिंप, पण आत नळ्या नव्हत्या. गोल प्लेटा होत्या, एकमेकींना वेल्डिंगने जोडलेल्या. रबर नाही, त्यामुळे अमोनियाचा दाबही सोसणार, आणि प्लेटा असल्यामुळे जागाही कमी.

जुनं पिंप उचलायला क्रेन आली त्या सकाळी काका खिशात हात घालून लांब उभे होते. मावशीची कामाची पाळी नव्हती, तरी ती आली होती. ज्याला ती हत्ती, रणगाडा, धूड, काय काय म्हणाली होती, ते हळूहळू जमिनीवरून उचललं गेलं, जरासं फिरलं आणि ट्रकच्या कडेला घासलं.

"सांभाळून!" मावशी क्रेनवाल्यावर ओरडली.

"बाई, भंगारातच जायचंय हे."

"म्हणून काय आपटायचं?"

क्रेनवाल्याने काकांकडे बघितलं. काकांनी खांदे उडवले. पण मग ते पुढे येऊन मावशीच्या शेजारी उभे राहिले, ट्रक फाटकाबाहेर जाईपर्यंत.

नवं यंत्र कुणी सांभाळायचं यावरून चहाला अर्थातच जुंपली. आत प्लेटा, म्हणून माझं, असं मावशी म्हणाली. बाहेर पिंप, म्हणून माझं, असं काका म्हणाले. मॅनेजरबाईंनी ते दोघांकडे दिलं. दोघं हत्यारं घेऊन गेली, आणि त्यांच्या लक्षात आलं की ते उघडतच नाही. ना झाकण, ना बोल्ट. साफ करायचं झालं तर आतून औषधी पाणी फिरवायचं, बस्स. दोघं बराच वेळ त्याच्याभोवती फिरली, वाकून बघितलं, हात लावून बघितला. ते बिचारं मुकाट्याने आपलं काम करत राहिलं. त्यांना ते अपमानास्पद वाटलं.

काका निवृत्त झाले. मावशीची अजून दोन वर्षं आहेत. संध्याकाळी ती घरी येते, हातपाय धुते आणि दिवसभर यंत्रांचं काय काय झालं ते पहिल्यापासून सांगायला बसते. कुठल्या प्लेटेची गॅस्केट सैल होती, परत येणारं पाणी किती होतं, बॉयलरघरातल्या नव्या माणसाने वाफ किती उघडली. काका ऐकतात. त्यातलं सगळं त्यांना ठाऊक असतं. मधेच तिच्याकडून एखादा आकडा चुकतो. काकांची फक्त मिशी किंचित हलते.

मावशी थांबते. त्यांच्याकडे रोखून बघते.

"बोला की. चुकलंय ना?"

"थोडंसं," काका म्हणतात.

"मग तेव्हाच सांगायला काय होतं?" मावशी म्हणते, आणि पहिल्यापासून सुरू करते.